जुन्या मोटारीला विजेचा पंखा : निवड आणि नियमन

मुंबईच्या कुर्ला उपनगरातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जी मोटार आधी फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि सरतेशेवटी प्रीमियर पद्मिनी या नावांनी बाहेर पडत राहिली, जिने काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने त्या महानगराच्या दोन पिढ्यांची ने-आण केली आणि जिच्यातील शेवटच्या नोंदणीकृत टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला, ती मोटार आज अनेक हौशी मालकांच्या घरी मोठ्या आस्थेने सांभाळली जात आहे. ह्या मालकांना, आणि तिच्याच वयाच्या अँबॅसडर, हेराल्ड, मॉरिस, ऑस्टिन इत्यादी गाड्यांच्या मालकांनाही, एक अडचण समान भेडसावते. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर जी गाडी शांतपणे धावते, तीच वैशाखातल्या दुपारी वाहनांच्या रांगेत अडकली की तापमानाचा काटा हळूहळू चढू लागतो, आणि रांग लांबली तर रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ निघते. अशा वेळी जाणते-अजाणते सर्वच जण एक उपाय सांगतात : विजेचा पंखा बसवा.

उपाय पुष्कळदा योग्यच असतो. मात्र बाजारात जाऊन रेडिएटरच्या मापात मावेल तो पंखा विकत आणणे आणि गाडीच्या प्रकृतीला अनुरूप पंखा निवडणे ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पंख्याची निवड हा खरेदीचा मामला नसून हिशेबाचा मामला आहे. इंजिन किती उष्णता टाकते, ती वाहून नेण्यास किती हवा लागते आणि ती हवा हलवण्यासाठी लागणारी वीज गाडीच्या घरी उत्पन्न होते की नाही, हे तीन हिशेब ज्याने क्रमाने मांडले त्याला पंखा कोणता घ्यावा हे निराळे विचारावे लागत नाही. ते तीन हिशेब आणि त्यांनंतर येणारा नियमनाचा प्रश्न यांचा विचार ह्या प्रकरणात करावयाचा आहे.

मूळ पंख्याचे गुणदोष

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक चतुर्थांश भाग शक्तीच्या रूपाने दंडावर हाती येतो. साधारण तेवढाच किंवा त्याहून काहीसा अधिक भाग सिलिंडरभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो आणि बाकीचा बहुतेक सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो. पाण्यात उतरलेली उष्णता रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाऱ्याच्या स्वाधीन करणे हे शीतनव्यवस्थेचे एकमेव कार्य होय. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरने धावत असता समोरून येणारा वारा हे काम स्वतःच उरकतो, आणि पंखा असला काय नसला काय, फारसा फरक पडत नाही. वेग मंदावला म्हणजे मात्र ती सारी जबाबदारी पंख्याकडे येते.

पद्मिनीसारख्या गाडीत हा पंखा पाणी-पंपाच्या पुलीवर बसवलेला असून क्रँकशाफ्टवरून येणाऱ्या रबरी पट्ट्याने फिरतो, अर्थात इंजिन जितके जोरात तितकाच पंखाही जोरात. ह्या सोप्या तजविजीत एक मूलभूत विसंगती आहे. रांगेत उभी असलेली गाडी मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर मंद चालत असते. म्हणजे वाऱ्याची मदत ज्या क्षणी मुळीच नाही नेमक्या त्याच क्षणी पंखाही सर्वांत आळसावलेला असतो. उलट महामार्गावर इंजिन ४,००० फेऱ्यांवर गेले म्हणजे पंखाही त्याच प्रमाणात धावू लागतो, आणि तेथे त्याची काहीच आवश्यकता नसते. पंख्याने हलवलेली हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण त्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या पाचपट झाल्या की शक्तीची मागणी सव्वाशेपट होते. चाळीसेक अश्वशक्तीच्या लहान इंजिनाला हा व्यर्थ व्यय परवडणारा नव्हे.

तथापि मूळ पंख्याच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बोरघाटाचा किंवा कसारा घाटाचा चढ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते तेव्हा गाडीचा वेग अल्प असला तरी इंजिनाचा वेग भरपूर असतो, आणि अशा प्रसंगी पट्ट्यावरचा पंखा आपले सर्वोत्तम काम करून दाखवतो. रांगेत थांबलेल्या गाडीला पुरेल असा विजेचा पंखा बसवून ज्यांनी मूळ पंखा काढून टाकला, त्यांच्या गाड्या मुंबईत थंड राहतात आणि खंडाळ्याला उकळतात, याचे मर्म हेच आहे.

विजेचा पंखा मोटारीत सार्वत्रिक झाला तो केवळ काटकसरीच्या विचाराने नव्हे. फियाट ११०० ह्या गाडीच्या १९३७ मधील पहिल्या अवताराचे आणि १९५३ मधील नव्या अवताराचे शिल्पकार इटालियन अभियंते दान्ते जाकोसा होते. त्यांनीच पुढे १९६९ च्या फियाट १२८ मध्ये इंजिन आडवे ठेवले. इंजिन आडवे ठेवले म्हणजे त्याच्या पट्ट्यावरच्या पंख्याचे तोंड गाडीच्या कुशीकडे वळते आणि समोर तोंड करून बसलेल्या रेडिएटरशी त्याचा संबंध तुटतो. म्हणून पंख्याला स्वतंत्र मोटर देणे भाग पडले. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने हीच व्यवस्था घरोघर पोचवली. गरजेपोटी केलेल्या ह्या तरतुदीचा खरा लाभ नंतर ध्यानी आला : पंखा इंजिनाच्या वेगाचा ताबेदार राहिला नाही, तो पाण्याच्या तापमानाचा ताबेदार झाला. जुन्या गाडीत विजेचा पंखा बसवताना आपण हीच मुखत्यारी बदलत असतो.

आधी निदान

नव्या पंख्याचा विचार करण्यापूर्वी गाडी केव्हा तापते हे पाहावे. ती केवळ थांबल्यावर किंवा रांगेत तापत असेल तर हवा कमी पडते आहे, आणि तेथे पंखा हे खरे औषध आहे. ती मोकळ्या रस्त्यावर, ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने जात असता तापत असेल, तर जगातील कोणताही पंखा तिला बरी करणार नाही, कारण त्या वेगात वारा पंख्याहून अधिक हवा देत असतो. तेव्हा दोष अन्यत्र शोधावा. विहिरीच्या जड पाण्याने वर्षानुवर्षे साचलेल्या क्षाराने रेडिएटरच्या नळ्या अर्ध्याअधिक बुजलेल्या असतात; बाहेरून पात्यांच्या जाळीत धूळ आणि किडे दाटलेले असतात; पाणी-पंपाची पाती झिजलेली असतात; ठिणगीची वेळ मागे सरकलेली असते; कार्बुरेटरचे मिश्रण पातळ झालेले असते; क्वचित हेड गॅसकेट फुटून जळते वायू पाण्यात शिरत असतात.

रेडिएटरच्या झाकणाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, परंतु त्याचा अधिकार मोठा आहे. समुद्रसपाटीवर उघडे पाणी १०० अंशांवर उकळते. दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरून ठेवणारे झाकण असेल तर तेच पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या पाण्याचा उत्कलनबिंदू ९६ अंशांच्याही किंचित खाली येतो, आणि तेथे तर सैल पडलेल्या झाकणाची शिक्षा अधिकच लवकर मिळते. नवे झाकण हा सर्वांत स्वल्प खर्चाचा उपाय होय, आणि तो सर्वांत आधी करावा.

तिसरी बाब थर्मोस्टॅटची. आपल्याकडे अनेक गॅरेजांत गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा शिरस्ता पडला होता. त्यामुळे इंजिन मोकळ्या रस्त्यावर प्रमाणाबाहेर थंड राहते, तेलात ओलावा आणि गाळ साचतो, सिलिंडरची झीज वाढते, आणि पुढे पंख्याच्या नियंत्रकाला ज्या स्थिर तापमानाच्या आधारावर निर्णय घ्यावयाचा तो आधारच उरत नाही. सुमारे ८२ अंशांना उघडू लागणारा सुस्थितीतील थर्मोस्टॅट परत बसवणे ही विजेच्या पंख्याची पूर्वअट समजावी.

हवेचा हिशेब

आता पहिला हिशेब मांडू. पद्मिनीच्या १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने चार माणसांसह तीव्र चढ चढताना १५ किलोवॅट शक्ती दिली असे धरले, तर अंदाजे तितकीच, म्हणजे १५ किलोवॅट उष्णता पाण्यात उतरते. रेडिएटरमधून जाताना हवा ३० अंशांनी तापते असे मानले, तर ही उष्णता उचलण्यास ताशी सुमारे १,६०० घनमीटर हवा लागेल. हीच गाडी रांगेत मंद गतीवर चालत असता पाण्यात चारेक किलोवॅट उष्णता उतरते आणि तिला ताशी सव्वाचारशे घनमीटरच्या आसपास हवा पुरते. दोन प्रसंगांतील अंतर जवळजवळ चौपट आहे. म्हणून घाटात न जाणाऱ्या शहरवासी गाडीला लहान पंखा पुरतो, आणि मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीला पुरत नाही. चढावर थोडाफार वारा साहाय्य करतो खरा, पण केवळ त्याच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

ह्या हिशेबात प्रदेशाचाही वाटा आहे. उष्णता वाहण्याचा वेग पाणी आणि हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असतो. पाणी ९० अंशांवर असता मुंबईच्या ३५ अंशांच्या हवेत हे अंतर ५५ अंशांचे असते, तर नागपूरच्या ४५ अंशांच्या हवेत ते ४५ अंशांवर येते. तोच रेडिएटर आणि तोच पंखा विदर्भात जवळजवळ एक पंचमांशाने दुबळा ठरतो. रेडिएटरमध्ये निम्मे ग्लायकोलचे कूलंट भरले असेल तर उत्कलनबिंदू वाढतो व गंज टळतो, परंतु त्या मिश्रणाची उष्णता वाहण्याची शक्ती निव्वळ पाण्याहून कमी असते, हेही ह्याच हिशेबात धरले पाहिजे.

पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मात्र सावधपणे वाचावा. बारा इंची पंख्यावर ताशी पंधराशे ते दोन हजार घनमीटर असा आकडा साधारणपणे आढळतो, परंतु तो बहुधा पंखा मोकळ्या हवेत, पुढे कोणताही अडथळा नसताना मोजलेला असतो. रेडिएटरच्या दाट जाळीतून हवा ओढताना विरोध निर्माण होतो आणि प्रत्यक्ष प्रवाह छापील आकड्यापेक्षा पुष्कळ कमी भरतो. उत्तम उत्पादक, उदाहरणार्थ इटलीची स्पाल, वाढत्या विरोधाबरोबर प्रवाह कसा घटतो याचा आलेख प्रसिद्ध करतात. ज्या पंख्याबरोबर असा आलेख मिळत नाही त्याच्या छापील आकड्यावर घाटाचा भरवसा ठेवू नये.

जागा, जात आणि आवरण

पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूस बसवून हवा ओढता येते, किंवा पुढे, जाळीच्या बाजूस बसवून हवा ढकलता येते. ओढणारा पंखा सामान्यतः अधिक कार्यक्षम, कारण तो समोरच्या वाऱ्याच्या वाटेत उभा राहत नाही. ढकलणारा पंखा धावत्या गाडीत काही अंशी अडथळाच ठरतो. परंतु मागे जागा हवी, आणि येथेच जुन्या गाड्यांत अडचण येते. मूळ पंखा काढल्यावर पाणी-पंपाच्या पुलीपासून रेडिएटरपर्यंतचे अंतर मोजावे, पंख्याची जाडी त्यातून वजा करावी, आणि रबरी पायांवर बसलेले इंजिन चालताना पुढेमागे हलते हे ध्यानात धरून दोनेक सेंटिमीटर मोकळे राखावेत. मूळ पंख्याचे बोल्ट लांब असतात. पंखा काढून तेच बोल्ट आवळले तर ते मागच्या भागावर टेकण्याचा संभव असतो, म्हणून पंख्याच्या जाडीइतकी चकती घालावी किंवा आखूड बोल्ट वापरावेत. पट्टा मात्र कायम राहतो, कारण पाणी-पंप आणि डायनॅमो त्याच्यावरच चालतात.

ओढणारा पंखा केवळ तारा उलट जोडून ढकलणारा होतो हा समज चुकीचा आहे. मोटर उलट फिरेल, हवाही उलट जाईल, परंतु पात्यांचा बाक एका दिशेसाठी घडवलेला असल्याने प्रवाह बराच घटतो. काही पंख्यांत पाते दांड्यावरून काढून उलटे बसवण्याची मुभा असते. तसे नसेल तर ज्या जातीचा हवा तोच घ्यावा. वक्र पात्यांचे पंखे आवाज कमी करतात, सरळ पात्यांचे किंचित अधिक. ज्याच्या गाडीचे इंजिनच मंद स्वरात चालते त्याने वक्र पाती घ्यावीत.

यानंतर येते पंख्याभोवतीचे आवरण, म्हणजे श्राउड, आणि ह्या संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत अधिक उपेक्षा त्याचीच होते. समजा रेडिएटरचा जाळीदार भाग ४० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ १,६०० चौरस सेंटिमीटर झाले. बारा इंची पंख्याचे वर्तुळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे रेडिएटरच्या निम्म्याहूनही कमी. पंखा जाळीला चिकटवून बसवला तर तो केवळ आपल्या समोरच्या वर्तुळातूनच हवा ओढतो, आणि कोपऱ्यांतून वाहणारे गरम पाणी जसेच्या तसे इंजिनाकडे परत जाते. पंखा जाळीपासून काही सेंटिमीटर मागे ठेवून भोवती पत्र्याचे बंदिस्त आवरण केले, म्हणजे तोच पंखा सर्व जाळीतून हवा खेचू लागतो. वेगात हे आवरण वाऱ्याला अडवू नये म्हणून त्यात रबरी झडपा ठेवतात; मंद गतीत त्या मिटतात, वेगात वाऱ्याच्या दाबाने उघडतात. आवरणासह लहान पंखा हा आवरणाविना मोठ्या पंख्यापेक्षा बहुधा श्रेष्ठ ठरतो, आणि वीजही कमी खातो.

पंखा अडकवण्यासाठी रेडिएटरच्या नळ्यांमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवण्याची पद्धत सोपी असली तरी घातक आहे. कंपनाने ह्या पट्ट्या नाजूक नळ्यांवर घासत राहतात आणि कालांतराने तेथे गळती लागते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या मजबूत चौकटीवर धातूच्या पट्ट्या आवळून त्यांवर पंखा तोलणे हाच योग्य मार्ग होय.

विजेचा जमाखर्च

बहुसंख्य निवडी येथे फसतात, म्हणून हा भाग शांतपणे वाचावा. पट्ट्यावरचा पंखा वीज मागत नव्हता. नवा पंखा ती मागतो, आणि जुन्या गाडीची विजेची मिळकत तुटपुंजी असते. डायनॅमोच्या काळात पूर्ण भरातली क्षमता बहुधा २० अँपियरच्या आसपास असे. ब्रिटिश गाड्यांतील लुकासच्या सी-४० डायनॅमोची ती २२ अँपियर होती. शिवाय मंद गतीवर डायनॅमो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नाही; त्याचा कट-आउट उघडा पडून गाडी सर्वस्वी बॅटरीवर चालते. ज्या परिस्थितीत पंख्याची सर्वांत अधिक गरज, त्याच परिस्थितीत डायनॅमो सर्वांत निर्धन असतो. मूळ पंख्यातील विसंगती आपण दूर केली, ती दुसऱ्या रूपाने येथे पुन्हा उभी राहते.

खर्चाची बाजू पाहा. पावसाळ्यातल्या संध्याकाळी दोन हेडलाइट आणि मागचे दिवे ८ ते १० अँपियर घेतात, ठिणगीची व्यवस्था ३ ते ४, वायपर आणखी ३ ते ४. त्यात मध्यम आकाराच्या पंख्याचे १० अँपियर मिळवले की बेरीज २५ च्या घरात जाते. वायपर वगळला तरी २२ अँपियरची उचल राहते, आणि ४० अँपियर-तासांच्या सुदृढ बॅटरीचे अर्धे भांडवल तासाभरात संपते. म्हणजे ज्या कुटुंबाची आवक पगाराच्या दिवशीच होते आणि खर्च मात्र रोज चालतो, त्याने शिलकेकडे पाहून खर्च ठरवावा, तद्वत डायनॅमोवर चालणाऱ्या गाडीने पंखा निवडावा.

यातून तीन मार्ग निघतात. पहिला, मूळ पंखा आणि डायनॅमो तसेच ठेवून रेडिएटरच्या पुढे ५ ते ७ अँपियर घेणारा नऊ-दहा इंची ढकलणारा पंखा साहाय्यक म्हणून बसवणे. रांगेत तो चालतो, घाटात मूळ पंखा आपले काम करतो, आणि गाडीचे मूळ रूप भंगत नाही. ज्याला गाडी प्रदर्शनात न्यावयाची आहे आणि वर्षातून काही मोजके दिवसच शहरी गर्दीत चालवावयाची आहे, त्याने हाच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा, डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर बसवून, जो मंद गतीवरही उपयुक्त वीज देतो, मूळ पंखा काढणे आणि आवरणासह बारा इंची ओढणारा पंखा लावणे. रोज चालणाऱ्या, घाट चढणाऱ्या गाडीला हा मार्ग योग्य. तिसरा, ज्यांच्या गाडीत वातानुकूलन आहे त्यांच्यासाठी : तेथे रेडिएटरच्या पुढे आणखी एक तापणारी जाळी उभी असते, म्हणून दोन पंखे किंवा एक मोठा पंखा आणि ४५ अँपियरहून अधिक देणारा आल्टरनेटर यांखेरीज गत्यंतर नाही, आणि कॉम्प्रेसर चालू होताच पंखाही चालू व्हावा अशी जोडणी करावी लागते.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. पंख्याची साधी मोटर तारा उलट जोडून तेथे चालेल, परंतु इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तशा जोडणीत क्षणात जळतो. सहा व्होल्टच्या गाड्यांना तर बारा व्होल्टचा पंखा निरुपयोगीच.

हुकूम कोणी द्यावा

पंखा केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा थांबावा हा नियमनाचा प्रश्न. डॅशबोर्डवरचे साधे बटण हा सर्वांत जुना उपाय, परंतु तो चालकाच्या स्मरणावर विसंबतो. संकटसमयीचा राखीव अधिकार म्हणून बटण अवश्य असावे, नित्याचा कारभार त्याच्याकडे देऊ नये.

नित्याच्या कारभारासाठी द्विधातू पट्टीचा तापमान-स्विच हा सर्वांत भरवशाचा. त्यावर दोन आकडे कोरलेले असतात, जसे ९२-८७; पहिल्या अंशाला पंखा सुरू होतो, दुसऱ्याला थांबतो, आणि मधल्या अंतरामुळे तो क्षणोक्षणी चालू-बंद होत नाही. हे आकडे निवडताना थर्मोस्टॅटशी त्यांचा मेळ बसला पाहिजे. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडू लागतो. गरम पाण्याच्या मार्गात बसवलेला स्विच त्याहून दहाएक अंश वर असावा, अन्यथा थर्मोस्टॅट राखत असलेल्या सामान्य तापमानालाच पंखा अहोरात्र चालत राहील. हाच स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवला तर तेथे पाणी निवून पाच-दहा अंश खाली आलेले असते, म्हणून आकडाही तेवढाच खालचा घ्यावा. खालच्या टाकीतील स्विच रेडिएटरने आपले काम किती केले हे मोजतो, वरच्या होज पाइपातील स्विच इंजिन किती तापले हे मोजतो. पितळी टाकीला जोड देणे जमत नसेल तर होज पाइप मध्यभागी कापून त्यात स्विचची जागा असलेली धातूची नळी बसवता येते.

यापूर्वीच्या पिढीत, विशेषतः इंग्लंडच्या केनलो पंख्यांमुळे, केशनलिकेचा थर्मोस्टॅट प्रचलित झाला. त्यात द्रव भरलेला लहान गोळा होज पाइपात शिरतो आणि हाताने फिरवायच्या खुंटीने तापमान ठरवता येते. बदलत्या ऋतूंत ही मुभा सोयीची, पण नलिका जेथे रबराखालून आत जाते तेथे थेंब-थेंब गळती लागण्याचा दोष तिला चिकटलेला आहे.

अलीकडचा उपाय म्हणजे पंख्याची गती कमी-अधिक करणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. तो वीज सेकंदाला अनेकवार तोडून-जोडून देतो, आणि पाणी जसजसे तापेल तसतशी पंख्याची गती वाढवतो. याचा लाभ त्या घनाच्या नियमातच दडलेला आहे : पंखा निम्म्या गतीने फिरवला तर हवा निम्मी मिळते, पण शक्ती एक अष्टमांशच लागते. रांगेत निम्मीच हवा पुरत असेल तर १० अँपियरच्या ठिकाणी थोड्या अँपियरांत भागते, आणि सुरू होताना लागणारा मोठा झटका टळतो. डायनॅमोच्या गाडीला ही बचत फार मोलाची आहे. मात्र असा नियंत्रक स्वतः तापतो. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, वाऱ्याच्या वाटेत बसवावा, आणि त्याचा संवेदक तुटला तर पंखा थांबण्याऐवजी पूर्ण गतीने चालू राहील अशीच जात निवडावी.

गाडी बंद केल्यावरही पंखा चालू ठेवावा काय? जुन्या गाडीत त्याचा लाभ थोडा. इंजिन थांबले की पाणी-पंपही थांबतो, म्हणून पंखा केवळ रेडिएटरमधील पाणी निववतो आणि सिलिंडरच्या माथ्यावरची उष्णता तेथेच राहते. बॉनेटखालची गरम हवा हलून कार्बुरेटरमधील पेट्रोल उकळणे थोडेसे टळते, इतकेच. बॅटरी दुबळी असेल तर पंख्याचा हुकूम इग्निशनच्या चावीशीच बांधावा.

तारा, रिले आणि फ्यूज

स्विच कोणताही असो, पंख्याचा पूर्ण प्रवाह त्यातून नेऊ नये. तो रिलेला द्यावा. जर्मन मानकाप्रमाणे रिलेच्या पायांवर आकडे असतात : ३० कडे बॅटरीतून फ्यूजमार्गे येणारी तार, ८७ पासून पंख्याकडे जाणारी, ८६ कडे इग्निशनची, आणि ८५ पासून तापमान-स्विचमार्गे सांगाड्याकडे. रिलेची गुंडाळी अँपियरचा लहानसा अंश घेते, म्हणून स्विच दीर्घायुषी होतो. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. पंखा सुरू होताना क्षणभर नित्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह ओढतो, म्हणून त्याची क्षमता नित्य प्रवाहाच्या सुमारे दीडपट असावी.

तारेच्या जाडीत काटकसर करू नये. जाऊन-येऊन ४ मीटर लांबीची १ चौरस मिलिमीटर छेदाची तार १५ अँपियर वाहताना एक व्होल्टहून अधिक गिळते, २.५ चौरस मिलिमीटरची तीच तार अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. पंख्याला एक व्होल्ट कमी मिळाला की त्याची गती व हवा सुमारे सात टक्क्यांनी घटते, आणि मालक पंखा दुबळा म्हणून दोष देतो. गंजलेल्या सांगाड्यावर अर्थ न देता पंख्याची परतीची तार सरळ बॅटरीपर्यंत न्यावी. पंख्याच्या तारेला समांतर एक लहान दिवा डॅशबोर्डवर लावावा. पंखा चालू होण्याचा हुकूम निघाला हे त्यावरून समजते, आणि काटा चढलेला असता दिवा लागला नाही तर दोष कोणत्या बाजूस शोधायचा तेही कळते.

मूळ रूपाची मर्यादा

जुनी मोटार ही वापरण्याची वस्तू आहे तशीच ती जतन करण्याची वस्तूही आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली तुरिन सनद, आवश्यक फेरफार मूळ रचनेला इजा न करणारे आणि परत फिरवता येणारे असावेत, असा आग्रह धरते. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना विंटेज म्हणून नोंदण्याची तरतूद केली, तीही मूळ रूप कायम असून चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल तरच. म्हणून नव्या पंख्यासाठी चॅसिसला किंवा बॉडीला एकही भोक पाडू नये. असलेल्या बोल्टांवरच आधार घ्यावा. काढलेला पंखा, बोल्ट, डायनॅमो आणि कंस तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत.

बसवणीनंतर परीक्षा तीन पायऱ्यांनी घ्यावी. प्रथम उभ्या गाडीत पंखा चालू करून रेडिएटरच्या पुढील जाळीजवळ कागद धरावा. तो आत ओढला जाऊन चिकटला तर हवेची दिशा बरोबर आहे. नंतर भर दुपारी, सर्व दिवे लावून, गाडी मंद गतीवर अर्धा तास उभी ठेवावी आणि तापमान व बॅटरीचे व्होल्ट दोन्ही पाहावेत. तापमान स्थिर राहिले आणि व्होल्ट घसरत गेले तर पंखा योग्य असून मिळकत अपुरी आहे. शेवटी घाट चढून पाहावा. तिन्ही परीक्षांत उतरल्यावर स्विचचे अंश, पंख्याचे अँपियर, फ्यूजची क्षमता आणि तारांची आकृती एका कागदावर स्वच्छ लिहून तो गाडीच्या नोंदणीपुस्तकाबरोबर ठेवावा. पन्नास वर्षांची गाडी एका मालकाच्या हयातीपुरती नसते. पुढच्या मालकाला तो कागद हाती पडला म्हणजे त्याला वायरिंग तोडून शोध घेण्याची वेळ येणार नाही, आणि हे तीन हिशेब तो पुन्हा स्वतःच्या गावच्या हवेत मांडून पाहू शकेल.